पाण्याचा घट आणि अंतरपाट



गेल्या वर्षीच्या वैशाखात एका जुन्या मित्राच्या विवाहास मी गेलो होतो. परत आल्यावर आपल्याच वस्तीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, "जिथे भटजी होता तिथे तुम्ही गेलातच कशाला?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते आज आपणापुढे मांडीत आहे. कारण ज्या कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, त्यांच्या दाराशी हा प्रसंग लवकरच येणार आहे.

मित्र विदर्भातला. आम्ही चार वर्षे एका वसतिगृहात, एका खोलीत काढली. त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांसमोर उभे राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. वधू सातारा भागातील एका वारकरी मराठा घरातली. दोघे एकाच कचेरीत नोकरीस. दोन्ही घरांनी दोन वर्षे हा विवाह अडवून धरला आणि शेवटी तडजोड अशी झाली, की सकाळी वधूच्या दारी त्यांचा विधी आणि दुपारी सभागृहात आपला.

सकाळी अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. वधूपित्याने कन्यादानाचे पाणी सोडले, होम पेटला, सात पावले झाली. मी मांडवाच्या कडेला उभा होतो. मित्राने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. कोणत्याही क्रियाकर्मासाठी ब्राह्मणास बोलावणार नाही, ही आठवी प्रतिज्ञा त्याला पाठ होती. वसतिगृहात तोच ती आम्हांस म्हणून दाखवीत असे.

दुपारचा विधी अर्ध्या तासाचा. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. चौरंगावर पाण्याने काठोकाठ भरलेला मातीचा नवा घट. वधूवर शुभ्र वस्त्रांत दोहों बाजूंस उभे, घटात सोडलेल्या सुती धाग्याचे एकेक टोक एकेकाच्या हाती. हा विधी कोणा हौशी मंडळीने रचलेला नाही. महापरिनिर्वाणापूर्वी दोनच दिवस, ४ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी एका पत्रात तो सांगितला आणि आपल्या विवाहात होम नाही व सप्तपदीही नाही, हे त्याच पत्रात स्पष्ट केले. पुढे सिगालोवाद सुत्तातील पतिपत्नींची कर्तव्ये वाचली गेली. वधूची आजी, गळ्यात तुळशीची माळ, पुढच्याच रांगेत होती. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, हे शब्द आले तेव्हा ती शेजारणीस हळूच म्हणाली, "हे आधी नवऱ्याला सांगत्यात व्हय?" होय, आधी नवऱ्यालाच सांगतात. त्या सुत्तात पतीची कर्तव्ये प्रथम येतात.

आता सकाळच्या विधीविषयी. वधूपित्याचा आग्रह नुसत्या श्रद्धेचा नव्हता. सप्तपदीवाचून विवाह कायद्यात टिकत नाही, अशी त्यांची समजूत होती, आणि खेदाची गोष्ट ही की आपल्याकडील जाणत्यांनीही ती खरी मानली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याचे सातवे कलम वधू किंवा वर यांपैकी कोणाही एका पक्षाच्या रूढ विधीने झालेला विवाह मान्य करते. सप्तपदीची अट जिथे ती त्या विधीचा भाग आहे तिथेच. तोही मार्ग नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे: तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, अधिकाऱ्यासमोर सही. खुद्द बाबासाहेबांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी झालेला विवाह, १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, नोंदणी पद्धतीचाच होता. एवढी माहिती वेळीच कोणी दिली असती तर माझ्या मित्रास मान खाली घालावी लागली नसती.

मग मी गेलो ते चुकले काय? १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी मिश्रविवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. पण तिथेच ते थांबले नाहीत. लोक मिश्रविवाह का करीत नाहीत, तर शास्त्रे पवित्र मानतात म्हणून. तेव्हा ती श्रद्धाच उखडली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मित्राने पहिले काम केले आणि दुसऱ्यापाशी डगमगला. मी त्याला दोष देतो. परंतु ज्यांनी त्याला दूषणे दिली, त्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या मुलाची सोयरीक करताना पोटजात विचारली नाही? चर्मकार वा मातंग घरची बौद्ध मुलगी सून म्हणून आणण्याचा प्रश्न आला की यांच्या घटातले पाणी आटते. भटजीला दाराबाहेर ठेवून जातीला माजघरात बसविणारे घर मला त्या मांडवाहून अधिक खटकते.

सोयरिकीत देवाणघेवाण होणारच. हळद, जात्यावरच्या ओव्या, हिरवा चुडा, पुरणपोळी यांनी कोणी उच्च वा नीच ठरत नाही. ते बायकांचे कौतुक आहे, असू द्यावे. (हळदीवरून माझे आणि अनेक उपासकांचे मतभेद आहेत, हे मी जाणतो.) पण मुहूर्त, पत्रिका, होम आणि कन्यादान यांवर तडजोड नको. मुलगी म्हणजे दान देण्याची वस्तू नव्हे, हे सासऱ्यास सांगताना नम्र असावे. सांगावे मात्र अवश्य, आणि याद्या होण्यापूर्वी सांगावे. आदल्या रात्री सांगून काही होत नाही. मित्राने तीच रात्र निवडली होती.

त्या वडीलधाऱ्यांना माझे उत्तर एवढेच: मी होमाला हात जोडले नाहीत, अक्षता टाकल्या नाहीत, आणि पंगतीत त्या आजीच्या शेजारी बसून जेवलो. तिच्या घरी बौद्ध माणूस त्या पंगतीस प्रथमच बसला होता, असे तिनेच मला सांगितले.

पुढील महिन्यात मित्राकडे बारसे आहे. नावासाठी कोणाकडूनही अक्षर काढून आणलेले नाही, असे त्याने आपणहून कळविले आहे. मी जाणार आहे.