चंद्राच्या कला आणि पाठांतराची सावली

चंद्र महिनाभर एकसारखा का दिसत नाही, असा प्रश्न चार सुशिक्षितांत टाकला, तर 'त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते म्हणून' हे उत्तर बहुधा मिळतेच. पदवीधर मंडळीही त्याला अपवाद नसतात. उत्तर चुकीचे आहे, एवढीच गोष्ट असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण हे उत्तर ज्या आकाशाखाली उभे राहून दिले जाते, ते आकाशच त्याला दररोज खोटे ठरवीत असते, आणि तरीही कोणी वर पाहत नाही. चिंतेची बाब ही आहे.

शुक्ल चतुर्थीच्या सायंकाळचे उदाहरण घ्यावे. सूर्य नुकताच मावळलेला असतो आणि चंद्राची कोरही पश्चिमेकडेच असते. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पूर्वेकडे पडलेली असते. पूर्वेकडची सावली पश्चिमेकडच्या चंद्राला झाकणार कशी? कृष्ण अष्टमीच्या सकाळी तर सूर्य आणि अर्धा चंद्र दोघेही एकाच वेळी डोक्यावरच्या आकाशात असतात. पृथ्वी त्या दोघांच्या मध्ये येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सावलीचा खेळ होतो तो ग्रहणात, आणि तो काही तासांत आटोपतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. रात्री दहाच्या सुमारास चंद्राच्या कडेवर सावली चढली आणि दीडच्या आत उतरलीही. साडेतीन तासांची ही घटना आणि साडेएकोणतीस दिवसांचे कलांचे चक्र, यांचे कारण एकच असणे शक्य नाही.

वस्तुतः चंद्राचा अर्धा भाग सदैव उजळलेलाच असतो. अमावास्येलाही तो उजळलेला असतो. फरक पडतो तो त्या उजळ अर्ध्यापैकी आपल्या वाट्याला किती येतो, यात. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे आपली पाहण्याची दिशा बदलत जाते. सूर्याच्या बाजूला असताना त्याची उजळ बाजू आपल्याकडे पाठ करून असते, सूर्यासमोर आला की ती पूर्ण दिसते. चंद्रावरील प्रत्येक जागी सुमारे पंधरवड्याचा दिवस व पंधरवड्याची रात्र असते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम यान उतरले, ते तेथील सकाळ साधूनच. तिथे सांज होऊ लागताच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला निद्रिस्त करण्यात आले. त्या दरम्यान येथे शुक्ल सप्तमीपासून पौर्णिमा होऊन कृष्ण पक्षही सुरू झाला होता.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ५ अंश म्हणजे किरकोळ वाटते. पण ३,८४,००० किलोमीटर अंतरावर त्याचा अर्थ तीस हजार किलोमीटरहून अधिक असा होतो, आणि चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून वा खालून निसटतो. पुस्तकातील आकृतीत हे दिसू शकत नाही. तिथे पृथ्वी आणि चंद्र हातभर अंतरावरच्या शेजाऱ्यांसारखे काढलेले असतात. प्रमाण राखायचे तर पृथ्वी १२ सेंटिमीटरच्या चेंडूएवढी घ्यावी, चंद्र मोठ्या सुपारीएवढा, आणि दोहोंत साडेतीन मीटरांहून थोडे अधिक अंतर ठेवावे. ती आकृती वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाईल. आकृती छापणाऱ्याचा यात दोष नाही. ती पुरेशी आहे असे समजणाऱ्याचा आहे.

हे ज्ञान परकीय आहे अशातलाही भाग नाही. चंद्र सूर्याच्या प्रकाशाने प्रकाशतो, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये नोंदवले आहे. आपली तिथी म्हणजे तरी काय? सूर्य आणि चंद्र यांच्यातील १२ अंशांचे अंतर. अशा तीस तिथींचा एक महिना. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' मराठीत लिहून या सर्व परंपरेची चिकित्सा केली. संकष्टीचा उपवास करणारा कारकून चंद्रोदयाची वेळ वर्तमानपत्रात पाहतो, ती रात्री नऊच्या आगेमागे असते. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर करत चतुर्थीला तेथवर पोहोचतो. म्हणजे कलांचे गणित त्याच्या पोटाला ठाऊक आहे, परंतु परीक्षेत उतरत नाही.

धडगावसारख्या ठिकाणी ही तफावत अधिक जाणवावी. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण सातपुड्याच्या रांगांत आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. पाड्यापाड्यांवरची पावरा आणि भिल्ल मुले येथील आश्रमशाळांत राहून शिकतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळी रात्रभराच्या ढोलनाचानंतर पहाटे पेटते, तेव्हा पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला कललेला असतो. चंद्र सायंकाळी पूर्वेला आणि पहाटे पश्चिमेला, हे या मुलांनी जागून पाहिलेले असते. वर्गात मात्र त्याच मुलांना प्रमाण मराठीतील व्याख्या पाठ करावी लागते. पाहिलेले एक आणि लिहायचे दुसरे, असे वळण एकदा लागले की मूल स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावते. शिक्षणाने केलेले याहून मोठे नुकसान दाखवणे कठीण आहे.

एरवी ज्या निवासी शाळांची उणिवांसाठीच चर्चा होते, त्यांच्याजवळ येथे एक अशी सोय आहे की जी शहरातल्या नामांकित शाळांनाही विकत घेता येणार नाही. शहरी शाळा साडेपाचला सुटते आणि चंद्र उगवतो तेव्हा शिक्षक व विद्यार्थी वेगवेगळ्या घरी असतात. आश्रमशाळेत मुले रात्रीही तेथेच असतात, आणि आकाश अजून काळोखे आहे. खर्चाच्या बाजूने पाहिले तर येथे दुर्बीण नको, अनुदान नको, मंजुरीही नको.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात अधीक्षकाची कामे, त्यात हे नवे लचांड कशाला, असा शिक्षकांचा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. दऱ्याखोऱ्यांत मुलांना रात्री-अपरात्री बाहेर काढणेही शहाणपणाचे नव्हे. पण त्याची गरजच नाही. शुक्ल पक्षात सायंप्रार्थनेच्या वेळी आणि कृष्ण पक्षात सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, ठरावीक जागेवरून, चंद्र कोठे आहे आणि त्याची उजळ बाजू कोणीकडे आहे, एवढे वहीत काढावे. दोन्ही पक्षांत तो दिवसेंदिवस पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना दिसेल, आणि उजळ बाजू नेहमी सूर्याकडेच असल्याचे आठवड्याभरात मुलेच सांगतील. सकाळी चंद्र व सूर्य दोन्ही दिसत असतील तेव्हा एखादे लिंबू उन्हात चंद्राच्या दिशेने धरावे. लिंबावर चंद्राचीच कला उमटते. डोंगराआड गेलेला चंद्र एखादा दिवस दिसणार नाही, तेव्हा वहीत जागा कोरी सोडावी.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि सप्टेंबरपर्यंत सातपुड्यावर ढग असतात. तेव्हा पुस्तकात हा पाठ कोठेही असो, येथे तो कार्तिकानंतर, आकाश निवळल्यावर घेण्याची मुभा शिक्षकाला असावी. आणि वार्षिक परीक्षेत 'चंद्रकलांची व्याख्या लिहा' या प्रश्नाऐवजी, परीक्षेच्या आदल्या सायंकाळी किंवा त्या दिवशी सकाळी चंद्र कोठे होता व कसा दिसत होता, असे विचारावे.