काढलेला सायलेन्सर कुणाचा?
शोरूममधून नवी मोटारसायकल बाहेर काढताना पेढे मिळतात, हार मिळतो, फोटोही निघतो. पण आवडीचे आरसे, सीट किंवा सायलेन्सर तिथेच बसवून घेतला, तर गाडीवरून उतरवलेला मूळ भाग कुठे जातो, हे कुणी आपणहून सांगत नाही. आमच्या पुतण्याने विचारलं, तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, ‘‘तो एक्स्चेंजमध्ये गेला की!’’ बिलात मात्र एक्स्चेंजची ना ओळ, ना सूट. म्हणजे गाडीच्या किमतीत ज्याचे पैसे घेतले, तोच भाग दुसऱ्याच्या गळ्यात मारायला हे मोकळे. सायलेन्सरचंच बघा. फटाके फोडणारे सायलेन्सर वाहतूक पोलीस जप्त करतात, कधी त्यांच्यावर चक्क रोडरोलर फिरवतात. तेव्हा मूळ सायलेन्सर घरात नसेल तर तो नव्याने विकत घ्यायचा, आणि विकणारा बहुधा तोच डीलर! वॉरंटीत बदललेला खराब भाग कंपनीकडे परत जातो, ते ठीक. पण पदरचे पैसे मोजून बदललेला भाग, मग तो झिजलेला ब्रेक-शू का असेना, आपलाच. तेव्हा ‘काढलेले भाग परत हवेत’ हे जॉबकार्डवर आधीच लिहून घ्या. गोड बोलण्यावर जाऊ नका. टाळाटाळ झाली तर लेखी मागा, आणि तरीही हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात तर ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.