निंबोळी तेल : फवारणीला उत्तम, पोटात नको



निंबोळीचे तेल फवारणीला चांगले. पण झाडाचे म्हणून ते पोटातही निर्धोक, असे समजू नका. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते प्रयोगशाळेतील उंदरांना व सशांना पाजले. चोवीस तासांत निम्मी जनावरे दगावतील अशी मात्रा किलो वजनामागे उंदरांत १४ मिलिलिटर, सशांत २४ भरली. फुप्फुसे व मज्जासंस्थेला इजा दिसली.

आकडा मोठा वाटेल. पण मलेशियात हे तेल पाजलेल्या तान्ह्या मुलांना उलट्या, गुंगी येऊन काही दगावल्याचे १९८१ साली प्रसिद्ध झाले. उंदराचा आकडा बाळाला लागू नाही. चाचणी धोका दाखवते, मात्रा ठरवून देत नाही.

म्हणून माय-बहिणींनो, बाळाला हे तेल पाजू नका, बाटली उंचावर ठेवा. पोटात गेलेच, तर उलटी करवू नका. बाटलीसह तडक दवाखाना गाठा.