पंडिता रमाबाईंचे दोन निर्णय

बदलापूरहून कर्जत, पुणे ओलांडून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंनी तिथे उभारलेले मुक्ती मिशन अनेकांना ठाऊक आहे. तारण माणसाच्या निर्णयाने होते की देवाच्या कृपेने, या ख्रिस्ती धर्मातल्या जुन्या वादावर याच बाईंनी आयुष्य पणाला लावून उत्तर दिले, त्याची मात्र फारशी चर्चा होत नाही.

पाचव्या शतकात पेलाजियस म्हणत होता, माणसाने ठरवले तर तो देवाच्या आज्ञा पाळू शकतो. ऑगस्टिनचे म्हणणे, ते ठरवण्याचे बळही देवाकडूनच येते. पुढे इरॅस्मस आणि ल्यूथर याच प्रश्नावर भांडले. आपल्याकडे वैष्णवांतही हा पेच आहेच: माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिलू मात्र आईच तोंडात धरून नेते.

रमाबाईंचा पिंड स्वतः धरणाऱ्याचा. कलकत्त्यात पंडितांकडून ‘सरस्वती’ पदवी मिळवलेल्या या विदुषीने 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, तोही वाचून, पारखून. नंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झडला. पुरोहितांचे एक जोखड नुकतेच उतरवले, आता दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा बाणा होता. त्रैक्यासारख्या सिद्धांतावरही केवळ चर्च सांगते म्हणून त्यांनी मान डोलावली नाही.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हॅस्लम चर्चमध्ये प्रवचने देत होता, पण आपल्याला खरा विश्वास नाही, हे त्याला फार उशिरा उमगले. रमाबाई चरकल्या. धर्म आपण अभ्यासला, स्वीकारला, पण ख्रिस्त अजून भेटलाच नाही! 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले. आपल्या पुण्याईवर, अभ्यासावर काहीच अवलंबून नाही, तारण हे दान आहे, ते घ्यायचे असते, हा त्यांचा दुसरा निर्णय.

कृपा मानली की माणूस हातपाय गाळून बसतो, हा आक्षेप रमाबाईंच्या बाबतीत टिकत नाही. 1896 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. हिब्रू, ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. शरण गेल्यावर त्यांचे स्वातंत्र्य आटले नाही, उलट अधिक कामाला लागले. ऑगस्टिन आणि पेलाजियस यांच्यातला निवाडा पोथ्यांत शोधणाऱ्यांनी हे पाहायला हवे.

आज धर्मांतराचा विषय निघाला की आमिष की स्वखुशी, एवढेच विचारले जाते. रमाबाईंसारख्या बाईचा अंतरंगातला प्रवास या दोन शब्दांत मावत नाही. मत बनवण्याआधी त्यांची साक्ष मुळातून वाचावी, एवढीच वाचकांना विनंती.