गंगापूर रोडच्या हवेतले पराग

ऑक्टोबर छाटणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते. पानं किती तास ओली राहिली, पहाटे दव किती पडलं, रात्रीचा पारा कुठवर उतरला, यावरून डाऊनी रोग येणार की भुरी, याचा तो अदमास घेतो. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्याला हवामान पाहून फवारणीचा सल्ला देतं. कित्येक बागांत आता छोटी स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. हवेतून येणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजाणूंची एवढी खबरदारी नाशिक जिल्हा घेतो, ती वेलीसाठी.

त्याच दिवसांत नाशिक शहरात कुणीतरी सकाळी उठतं आणि ओळीनं दहा-बारा शिंका देतं. डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते. घरातले म्हणतात, थंडी बाधली. पण ही सर्दी ताप आणत नाही, आठवड्यात बरी होत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला परत येते; ती बहुधा हवेतल्या परागांची ॲलर्जी असते. अशा माणसाला आज आपल्या भागात कोणते पराग उडताहेत, हे सांगणारा, प्रत्यक्ष मोजलेला रोजचा आकडा कुठेही मिळत नाही.

हवेची गुणवत्ता मात्र रोज मोजली जाते. गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी, अंबड औद्योगिक वसाहत इथे तशी केंद्रं आहेत. पण त्यांच्या आकड्यात येतात ते काही वायू आणि १० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण. बहुतेक परागकण त्याहून मोठे असतात. त्यामुळे फलकावर हवा ‘समाधानकारक’ दिसत असतानाही दम्याच्या रुग्णाचा दिवस वाईट जाऊ शकतो. यात यंत्राचा दोष नाही. ते पराग मोजण्यासाठी बसवलेलंच नाही.

संशय घेतला जातो तो दिसणाऱ्या फुलांवर. गुलमोहर, बहावा, दारातली शेवंती यांना उगाच बोल लागतो. रंगीत, सुवासिक फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, कारण त्यांना कीटकाच्या अंगावर बसून जायचं असतं. त्रास देतात ती बहुधा कुणी फूल म्हणून न पाहिलेली झाडं: वाऱ्यावर पराग सोडणारी हरळी आणि इतर गवतं, एरंड, माठाच्या जातीची तणं, जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडल्यावर फुलणारा वावळ. आणि शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर माजणारं गाजर गवत.

या गवताचा इतिहास आपल्या अगदी जवळचा आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानलं जातं, आणि काँग्रेस गवत हे नावही त्याला चिकटलं. चटक चांदणी म्हणूनही ते ओळखलं जातं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं कातडी लाल होते, सुजते, काहींना आयुष्यभराचा त्वचारोग जडतो. सत्तरच्या दशकात पुण्यातल्या अशा रुग्णांवर वैद्यकीय नियतकालिकांत लेख आले. १९८३ मध्ये मेक्सिकोहून त्याचा शत्रू भुंगा भारतात आणला गेला. पावसाळ्यात तो पानांची चाळण करतो, पण गवताचा वेग त्याला आवरत नाही.

पराग मोजायचे कसे, हे महाराष्ट्राला पन्नासहून अधिक वर्षं ठाऊक आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रा. एस. टी. टिळक यांनी १९७० च्या सुमारास हवा ओढून घेणारं एक यंत्र बनवलं. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावानं ते ओळखलं जातं. आत एक ढोल संथ फिरतो, त्यावरच्या चिकट पट्टीवर हवेतले कण आदळून बसतात आणि एका फेरीत आठ दिवसांची हवा नोंदली जाते. पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कोणता कण कोणत्या वेळी आला, ते कळतं. मराठवाड्यातल्या संशोधकांनी ही यंत्रं शेतात ठेवून पिकांवरच्या बुरशीचे बीजाणू मोजले. शहरातल्या गच्च्यांवर मात्र ती रोजच्या कामाला लागली नाहीत.

शहराच्या हवेची अशी मोजणी चंडीगडनं केली. तिथल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या आणि पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी शहराचं पराग कॅलेंडर तयार केलं. कोणत्या महिन्यात कोणते पराग वाढतात, हे त्यावरून आधीच कळतं. वर्षानुवर्षांच्या मोजणीला तापमान, वारा आणि पावसाची जोड दिली की त्यातूनच पुढच्या काही दिवसांचा अंदाज निघतो. जिथे अशी मोजणी नाही, तिथला मोबाइलवर दिसणारा परागांचा आकडा संगणकाचा कयास असतो. त्याला स्थानिक पडताळा नसतो.

अंदाजाचं मोल मेलबर्नला फार दुःखद रीतीनं कळलं. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे गडगडाटी वादळ आलं. राय गवताचे पराग ओलाव्यानं फुटले. अख्खा परागकण सहसा नाकातच अडतो. हे तुकडे फुप्फुसात खोलवर गेले. हजारो माणसं श्वासासाठी धडपडत रुग्णालयांकडे धावली, दहा जण दगावले. पुढच्या वर्षीपासून तिथे अशा वादळाचा आगाऊ इशारा दिला जातो. वळवाचा पाऊस आपल्याकडेही गडगडत येतो, म्हणून ही घटना दूरची म्हणून सोडून देऊ नये.

नाशिकला सुरुवात अवघड नाही. गंगापूर रोडचं केटीएचएम, कॉलेज रोडचं आरवायके, या दोन्ही महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवलं जातं. गच्चीवर एक यंत्र, सूक्ष्मदर्शकापाशी बसणारे दोन-तीन विद्यार्थी आणि रोजचा आकडा छापणारं एक वर्तमानपत्र, एवढ्यावर पहिलं वर्ष निघेल. त्या आकड्यांवरून डॉक्टर रुग्णाला हंगामाच्या आधीच औषध सुरू करायला सांगू शकतील.

महापालिकेलाही या आकड्यांचा उपयोग आहे: गाजर गवत कधी काढायचं, हे त्यावरून ठरवता येईल. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह पाळतं. पण जूनच्या पावसात उगवलेलं हे गवत महिन्याभरात फुलू लागतं, म्हणजे ऑगस्टपर्यंत पराग वाऱ्यावर गेलेले असतात. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडचे मोकळे प्लॉट साफ करायचे तर ते काम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, हातमोजे घालून आणि मुळासकट उपटून व्हायला हवं.