एक आकडा चुकला आणि कंटेनर अडकला! ऑनलाइन फॉर्मचे नियम किती कडक हवेत?

न्हावा शेवा बंदरातून दरवर्षी लाखो कंटेनर ये-जा करतात. पण कंटेनरच्या आधी त्याची माहिती पोचते. जहाज कंपनीची मालयादी आणि आयातदाराचं बिल ऑफ एन्ट्री यांतला कंटेनर नंबर जुळला नाही, तर माल अडकू शकतो. मोफत मुदत संपली की जागेचं भाडं सुरू होतं.

मग ही चूक टाइप करतानाच पकडता येत नाही का?

बऱ्याचदा येते. कंटेनर नंबरात ४ अक्षरं, ६ आकडे आणि शेवटी १ तपासणी आकडा असतो. तो आधीच्या १० खुणांवरून गणित करून काढलेला असतो. उदाहरणार्थ, 'सीएसक्यूयू ३०५४३८' या नंबराचा तपासणी आकडा ३ येतो. ५ आणि ४ ची अदलाबदल झाली, तर तोच १ येतो. म्हणजे चूक जागीच सापडली. हा नियम सगळ्यांना सारखा, त्यामुळे तो कडकच हवा.

पण प्रत्येक रकाना असा नसतो.

१ जुलै २०१६ पासून निर्यातीचा भरलेला कंटेनर जहाजावर चढवण्याआधी त्याचं प्रमाणित वजन द्यावं लागतं. रिकाम्या कंटेनरला ही अट नाही. फॉर्मने सरसकट वजन मागितलं, तर माणसं काहीतरी आकडा भरून मोकळी होतात. खोटी माहिती तिथूनच शिरते. कमाल वजनाची मर्यादाही सगळ्यांना एक नसते. ती त्या त्या कंटेनरच्या पाटीवर लिहिलेली असते.

तिसरा मुद्दा तारखेचा. मालाच्या वर्गीकरणाचे कोड जगभर ठरावीक वर्षांनी बदलतात. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होतेय. त्या दिवशी नवे कोड चालायला हवेत, पण २०२७ च्या कागदात दुरुस्ती करायची तर जुनेही चालले पाहिजेत. नियम प्रोग्रॅममध्येच कोरून ठेवले, तर यातलं एक काहीतरी बिघडतं. म्हणून नियम वेगळे ठेवायचे, आणि प्रत्येकाला 'कधीपासून, कधीपर्यंत' आणि 'कोणत्या मालाला' हे जोडायचं.

कायद्यात अशी सोय आधीपासून आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ३० नुसार मालयादी चुकीची किंवा अपुरी असली आणि फसवणुकीचा हेतू नसला, तर अधिकारी दुरुस्तीची परवानगी देऊ शकतो. म्हणजे कायदा चूक आणि लबाडी यांत फरक करतो.

फॉर्मनेही तो करावा. अशक्य नंबर थांबवावा. फक्त विचित्र वाटणारी माहिती असेल, तर इशारा देऊन कारण विचारावं आणि ते कोणी, कधी दिलं याची नोंद ठेवावी. सगळंच अडवलं, तर प्रामाणिक आयातदार भाडं भरत बसतो. काहीच अडवलं नाही, तर चूक थेट बंदराच्या गेटवर कळते.