इंग्रजीचा शिक्षक आणि त्याचे पारपत्र

भाटघर धरणाच्या काठच्या एका गावातील आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटीस आला होता. इंग्रजी घेऊन एम. ए., बी. एड. झालेला आणि काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकविलेला. परदेशी इंग्रजी शिकवावयास जाण्यासाठी कोणता व्हिसा मागावा, हा त्याचा प्रश्न. त्याने आणलेली कागदपत्रे चाळताना ध्यानात आले की, ही निवड त्याच्या पारपत्राने आधीच करून ठेविली आहे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्यावे. तेथे परदेशी भाषाशिक्षकांसाठी 'ई-२' हा व्हिसा आहे. इंग्रजीपुरता तो सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. त्यांची पदवी कोणत्याही विषयातील चालते. १ जानेवारी २०१० रोजी अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे भारतीयांस एक दार किलकिले झाले खरे. पण आमच्या उमेदवारास पदवीखेरीज इंग्रजी अध्यापनाची अर्हताही हवी, आणि पद मिळावयाचे ते शाळेतील सहायक शिक्षकाचे. म्हणजे ज्याची तयारी अधिक, त्याचे स्थान खालचे. कौशल्यासाठी नव्हे, तर केवळ दुर्मीळ स्थानामुळे पदरात पडणाऱ्या अशा जादा प्राप्तीस अर्थशास्त्रात 'खंड' म्हणतात. कुळकायदा पाहिलेल्या आपल्या मुलखात या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी!

'मातृभाषिक' हा निकष वरकरणी शास्त्रीय वाटतो. भोरच्या शेजारी पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. तिच्यावर अरुण कोलटकरांनी इंग्रजीत लिहिलेल्या काव्यास १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. या निकषाने त्यांना मात्र इंग्रजीचा वर्ग मिळता ना. त्या मानाने थायलंडची रीत बरी. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराकडून तेथे इंग्रजीच्या मान्य परीक्षेतील गुण मागतात. मातृभाषिकांस ही परीक्षा माफ असते, हा पंक्तिप्रपंच उरतोच; तथापि परीक्षा निदान उत्तीर्ण होता येते, जन्मस्थान बदलता येत नाही.

आपले घरही तपासलेले बरे. भारतात नोकरीचा व्हिसा देताना किमान वार्षिक वेतनाची अट असते. पूर्वी ती २५ हजार डॉलरांची होती, पुढे सव्वासोळा लाख रुपयांची झाली. परदेशी भाषा शिकविणाऱ्यांना या अटीतून सूट आहे, परंतु इंग्रजीच्या शिक्षकास ती स्पष्टपणे नाकारली आहे. यामागील तर्क उघड आहे: इंग्रजीचे शिक्षक देशात मुबलक आहेत, त्यांच्या रोजगारावर स्वस्त स्पर्धा येऊ नये. हे संरक्षणच आहे; मात्र ही अट अमुक देशाचा नागरिक असे न म्हणता वेतनाचा आकडा विचारते. महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, त्या राज्यातील शिक्षकास या संरक्षणाने नियमित जागा मात्र दिली नाही. म्हणूनच तो बाहेर पाहतो.

कोरियाशी झालेल्या कराराच्या सुधारणेची बोलणी २०१६ मध्ये सुरू झाली. अशा बोलण्यांत पोलाद आणि मोटारी यांचा विचार अगत्याने होतो. नागरिकत्वाऐवजी परीक्षा आणि अध्यापनाची अर्हता हे निकष सर्वांना सारखे लावावेत, ही मागणी भारताने तेथे नेटाने मांडावयास हवी. आमच्या विद्यार्थ्याने तूर्त थायलंडसाठी परीक्षेचे शुल्क भरले आहे. ती रक्कम त्याने तासिकांच्या मानधनातून साठविली होती.